दोन सप्तमांश आले कुठून?

प्रश्न : मी सहावीला गणित शिकवते. नोकरीचं हे तिसरं वर्ष. रोज रात्री अकरा-साडेअकरापर्यंत जागून तक्ते, रंगीत कार्डं, खेळ तयार करते. अपूर्णांकांच्या बेरजेवर एक गाणंही रचलं. मुलं वर्गात खूश असतात, गाणं सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण परवाच्या चाचणीत ३८ पैकी २२ जणांनी १/३ + १/४ = २/७ असं लिहिलं. सहकारी हसतात, "एवढं करून मिळालं काय?" म्हणतात. शिवाय वर्गात एक मुलगी आहे, तिने वर्षभरात तोंडातून शब्द काढलेला नाही. माझी कल्पकता कमी पडते, की तळमळ? – एक शिक्षिका

उत्तर : तू माझ्या मुलीपेक्षाही लहान असशील, म्हणून सरळ 'तू' म्हणते. तळमळीचं नंतर बघू, आधी ते २/७ बघू.

पहिली कितीतरी वर्षं मला हे उत्तर म्हणजे निव्वळ आळस वाटायचा. लाल फुली मारायची, खाली 'लक्ष कुठे आहे?' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. एकदा पेपर वाटल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, मग तुम्ही का असंच करता?" मी चिडलेच. तो पेपर घेऊन टेबलापाशी आला आणि बोट ठेवून दाखवू लागला. पहिल्या प्रश्नापुढे मी ३/५ लिहिलं होतं, दुसऱ्यापुढे ४/५ आणि वर गोलात ७/१०. अंशात अंश मिळवलेला, छेदात छेद. तेही माझ्याच अक्षरात, माझ्याच लाल शाईने!

मी काय उत्तर दिलं? "ते वेगळं असतं, जागेवर बस." आजही आठवलं की कानशिलं तापतात. कारण ते वेगळं का असतं, हे मला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

रात्री विचार करत बसले तेव्हा गाठ सुटली. गुण मिळवताना दर वेळी नवा 'पूर्ण' येतो. पाचांचा एक प्रश्न, मग पाचांचा दुसरा, म्हणून एकूण दहा. अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र पूर्ण एकच असतो, तो वाढत नाही. मुलं चुकीचा विचार करत नव्हती. एका ठिकाणचा बरोबर विचार दुसऱ्या ठिकाणी लावत होती, आणि तो त्यांना मीच शिकवला होता.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला १२ सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या कापायला लावल्या. एका पट्टीचा तिसरा भाग कापला, ४ सेंटिमीटर. तशाच दुसऱ्या पट्टीचा चौथा भाग, ३ सेंटिमीटर. दोन्ही तुकडे न कापलेल्या पट्टीवर टोकाला टोक लावून ठेवले. ७ सेंटिमीटर, म्हणजे बारातले सात. आता म्हटलं, २/७ किती लांब होतं ते काढा. साडेतीन सेंटिमीटरही भरेना. थोडी कुजबुज झाली आणि कुणीतरी म्हणालं, "पण एकटा तिसरा भागच चार आहे. मिळवल्यावर कमी कसं झालं?" हा प्रश्न मी विचारला असता तर वाया गेला असता. मग त्या मागच्या बाकावरच्या मुलाला बोलावलं. गुणांची बेरीज पट्ट्यांनी कशी दाखवशील, असं विचारलं. त्याने जरा वेळ घेतला आणि दोन अख्ख्या पट्ट्या एकमेकींना जोडून धरल्या. त्याला कळलं होतं.

एवढं सगळं सांगितलं, कारण तुझं गाणं चांगलं असेलही, पण त्याला २/७चा पत्ता नाही. 'आधी छेद समान करा' एवढंच ते सांगत असणार. काय करायचं ते मुलांना पाठ आहे, पण आपलं का चुकतं हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या मते कल्पकतेची खरी जागा इथे आहे : मूल नेमकं कुठे अडलं ते हुडकायचं आणि त्या जागेला लागेल अशीच वस्तू, असाच प्रश्न शोधायचा. रंगीत कार्डांशी माझं वैर नाही. पण अडलेली जागा सापडायच्या आत कार्डं तयार होतात, तिथे मला शंका येते. म्हणून उद्या एवढंच कर. त्या २२ मधल्या पाच जणांना एकेकटं बोलव आणि 'कसं केलंस ते सांग' म्हण. रागाचा सूर नको, समजावणंही नको, नुसतं ऐक. सगळे एकाच वाटेने २/७वर आले नसतील, हे मी पैजेवर सांगते.

आता ती मुलगी. मेरी बड रो नावाच्या अमेरिकी संशोधक होत्या. त्यांनी १९७०च्या आसपास वर्गातल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं त्यांना आढळलं. हाच वेळ तीन सेकंदांवर गेला की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, वर्गात उभं राहून बघ! मी हात पाठीमागे घेऊन बोटं मोजायची. एकदा मुख्याध्यापक दारावरून जाताना थबकले. मी पुढचं विसरले असं त्यांना वाटलं.

पण खोटी आशा दाखवत नाही. माझ्या वर्गातल्या अशाच एका मुलाने वर्ष संपेपर्यंत हात वर केला नाही. मी सगळ्यांनाच आधी वहीत उत्तर लिहायला लावू लागले, तेव्हा तो तिथे भरभरून लिहायचा. त्याला बोलकं करायचा हट्ट मी सोडून दिला.

सहकाऱ्यांना हसू दे. आणि रात्री साडेदहाला दिवा घालव. जांभया देणाऱ्या बाईंना पोरांचा २/७ दिसत नाही, हा स्वानुभव आहे.

प्रश्न : माझ्या मुलाचे सर वहीत गुणच देत नाहीत, नुसते शेरे लिहितात. तो वर्गात कितवा आहे हे आम्हाला कळणार कसं? मुख्याध्यापकांकडे तक्रार करावी का? – एक पालक

उत्तर : करू नका. रूथ बटलर यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरे, काहींना दोन्ही. ज्यांना नुसते शेरे मिळाले त्यांचं पुढचं काम सुधारलं आणि कामातली गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांचं मात्र नुसते गुण मिळालेल्यांसारखंच झालं, शेऱ्याचा उपयोग दिसला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. वही हातात पडली की मूल आधी आकडा बघतं, मग शेजाऱ्याचा आकडा बघतं आणि वही मिटतं.

मात्र शेरा कसला आहे ते तपासा. 'छान', 'अजून प्रयत्न हवेत' असले शेरे असतील तर तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती सरांनाच भेटून सांगा. 'तिसऱ्या ओळीत चिन्ह बदललं, का ते शोध' असं काही लिहिलेलं असेल, तर आज रात्री मुलाशेजारी बसा आणि त्याला ती तिसरी ओळ दाखवायला सांगा.