रात्री घशाशी आंबट येतं

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे. शेवटची फेरी संपवून रात्री ११ला जेवतो नि लगेच आडवा होतो. मग घशाशी आंबट येतं, छाती जळते. जेवणानंतर पॅन्टोप्रॅझोल (आम्ल कमी करणारी गोळी) घेऊनही गुण नाही.

उत्तर : गोळीची वेळ चुकतेय. जेवणाआधी अर्धा तास, रिकाम्या पोटी घ्या. जेवताना जठराच्या पेशींतले आम्ल सोडणारे सूक्ष्म पंप सुरू होतात; ते बंद पाडायला तेव्हा औषध रक्तात हवं. अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडली की आडवं होताच आम्ल वर चढतं. म्हणून डबा ८लाच स्टँडवर उघडा. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून ती बाजू ६ इंच उचला. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं नि आम्ल वर ढकललं जातं. डाव्या कुशीवर झोपा. तंबाखू असेल तर ती सोडाच. घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठराची तपासणी) लांबवू नका.