हेगला जायचंय? आधी जिल्हा कोर्टात ये

अगं, तुला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात वकिली करायचीय ना? ते न्यायालय ज्या रोम करारातून उभं राहिलं, त्याचा भारत सदस्य नाही, त्यामुळे इंदूरहून हेगला सरळ वाट नाही. तिथे आरोपीचा मुख्य वकील व्हायला किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. तो इथेच मिळव. जामीन, उलटतपासणी आणि मुख्य म्हणजे रिमांड (अटकेतल्या माणसाला कोठडीत ठेवायचं का, याची सुनावणी). अटकेचा मेमो हट्टाने माग, सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून (१९९६) त्यावर साक्षीदाराची सही आणि अटकेची वेळ लागते. कोठडीतल्या छळाची केस अशा कागदांवरच उभी राहते. रामबागेतले नातलग म्हणतील, सिव्हिल (दिवाणी) केसेस कर, पैसा आहे. खरंय ते! परदेशी एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी) नंतर. कर्ज काढून बिनपगारी इंटर्नशिप झेपत नाही. फ्रेंच मात्र आत्ताच सुरू कर, हेगला कामकाज इंग्रजीबरोबर त्याच भाषेत चालतं.