बॅटरीच्या कप्प्यातला गंज : रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : १९९९ सालचं क्लास सी मोटरहोम (व्हॅनच्या चेसिसवर, म्हणजे लोखंडी सांगाड्यावर, बांधलेली राहायची गाडी) घेतलंय, आयुष्यभर अमेरिकेतल्या मिशिगनमध्येच राहिलेलं. दाराच्या पायरीखालच्या कप्प्यात ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत आणि त्यांच्या लोखंडी ट्रेचे पापुद्रे सुटायला लागलेत. एका शनिवारी घासून काळा स्प्रे मारला तर चालेल का?

चालेल, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. मी नेमकं हेच केलं होतं. माझी गाडी तुमच्याच गाडीच्या वयाची, कप्पाही पायरीखालचा. तारेच्या ब्रशने खरवडलं, महागातल्या चेसिस पेंटचे दोन हात दिले, कौतुकाने फोटो काढले. दहा महिन्यांनी रंगाला फोड आले होते. एक नखाने फोडला तर आत ओलं! वरून पाणी गळत नव्हतं, पाऊसही नव्हता.

ती ओल ॲसिडची. बॅटरीतलं पाणी उडून जातं, सल्फ्युरिक ॲसिड मात्र मागे राहतं. सांडलेला थेंब वाळला असं आपण समजतो, पण तो फक्त घट्ट झालेला असतो आणि हवेतला दमटपणा ओढून घेत बसतो. लोखंड खाऊन त्याचे जे क्षार तयार होतात तेही पाणी धरतात. भारतात ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, त्यांनी बॅटरीखालच्या शहाबादी फरशीवर उठलेले पांढरे चट्टे पाहिलेच असतील. तोच पराक्रम इथे लोखंडावर चालू असतो. त्यात इथे अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटांना लागून पायरीवर येतं आणि पायरीवरून थेट कप्प्यात.

आता बॅटऱ्या बाहेर काढण्याबद्दल. आधी घरच्या विजेची केबल काढा. छतावर सोलर असेल तर त्याचा फ्यूज काढा, नाहीतर उन्हात तारा जिवंत राहतात. गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा. जोडण्यांचा फोटो काढा, कारण दोन बॅटऱ्यांच्या मधली ती आखूड केबल परत कुठे लावायची यात भलेभले चुकतात. मग निगेटिव्ह आधी, पॉझिटिव्ह नंतर, लावताना उलट. या गाड्यांची चेसिस निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट आधी सोडवायला गेलात आणि पाना ट्रेला टेकला, की शॉर्ट होऊन पाना तिथेच चिकटतो. माझ्या एका पान्याच्या टोकाला अजून तो खड्डा आहे. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. एकेक बॅटरी २८ किलोच्या आसपास भरते, तेव्हा पट्ट्याने उचला. पोटाशी धरून उचललीत तर शर्टाला भोकं पडलेली दुसऱ्या धुण्यात कळतात.

ब्रश मात्र अजून हातात घेऊ नका. ती पांढरी-हिरवी भुकटी कोरडी घासली की शिसं आणि ॲसिड दोन्ही नाकात जातं. चष्मा, रबरी हातमोजे घाला. एक लिटर कोमट पाण्यात चार मोठे चमचे खायचा सोडा विरघळवून ओता. फसफसेल. थांबलं की पुन्हा ओता. कोपरे, वेल्डचे सांधे, बोल्टांची भोकं यांत मुरलेलं ॲसिड तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही फसफसतं, आणि मी पहिल्या वेळी तिथेच घाई केली होती. अजिबात बुडबुडा येईनासा झाला की साध्या पाण्याने धुवा. हे सगळं पाणी खाली टब ठेवून गोळा करा, त्यात शिसं असतं. हिरवळीवर किंवा गटारात सोडू नका. बॅटऱ्यांचा वरचा भागही सोड्याने पुसा, पण झाकणं घट्ट लावून. सोड्याचं पाणी सेलमध्ये गेलं तर तो सेल बिघडतो. आमच्या गल्लीतला बॅटरीवाला टर्मिनलवर नुसतं उकळतं पाणी ओतून ग्रीस फासायचा. टर्मिनलपुरतं तेवढं पुरतं, ट्रेला नाही.

मग तारेचा ब्रश, ग्राइंडर, जे असेल ते चालवा. ठिणग्या उडणार म्हणून बॅटऱ्या लांब ठेवा. लोखंड उघडं पडलं की स्क्रूड्रायव्हरने सगळीकडे टोचून बघा. आरपार गेला तर रंगाचा विषय संपला, तेवढा तुकडा कापून नवी पट्टी वेल्ड करून घ्या. जवळपास साठ किलो वजन खड्ड्यांतून आदळत त्या ट्रेवर बसणार आहे.

शाबूत असेल तर खाचांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा टणक थर बनवणारं रसायन) लावा. पण आधी सोडा पूर्ण धुतलेला हवा : बहुतेक कन्व्हर्टर स्वतःच आम्ल असतात, उरलेला सोडा त्यांनाच मारतो. त्यानंतर एक अख्खा दिवस पंखा लावून सुकवा. वर दोन भागांचा (ऐनवेळी एकत्र मिसळायचा) इपॉक्सी प्राइमर आणि इपॉक्सी रंग. साध्या स्प्रेपेक्षा तो ॲसिडपुढे कितीतरी जास्त टिकतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा, आणि हे काम इथल्या उन्हाळ्यात, जून-जुलैमध्ये करा, थंडीत इपॉक्सी नीट धरत नाही. रबरी अंडरकोटिंग आतून फासायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. त्याच्यामागे पाणी अडकतं आणि गंज दिसतही नाही.

रंगावर थेट बॅटरी ठेवू नका. खाली पॉलिथिनचा ट्रे किंवा खोका ठेवा, या प्लॅस्टिकला ॲसिड काही करत नाही. तळातलं निचऱ्याचं भोक मोकळं राहू द्या. हवेची भोकं थंडी येते म्हणून बुजवलेली मी पाहिली आहेत. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. टर्मिनल आधी घट्ट आवळा, पेट्रोलियम जेली नंतर वरून.

एवढं करूनही ॲसिड येत राहिलं तर चूक ट्रेची नाही. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावरच पाणी भरा, आधी काठोकाठ भरलंत तर चार्ज होताना ते फुगून बाहेर येतं. शिवाय गाडी दोन-तीन दिवस विजेवर लावून ठेवल्यावर मल्टिमीटरने बघा. दोन्ही बॅटऱ्या मिळून १३.२ ते १३.६ व्होल्ट ठीक. तेव्हाही १४च्या वर असेल तर गाडीतला जुना पॉवर कन्व्हर्टर (घरच्या विजेवरून बॅटऱ्या चार्ज करणारा) बॅटऱ्या उकळवतोय, तो बदला.

पायरी उचलून खालच्या बाजूचा एक फोटो टाका, कडेचा रबर दिसेल असा. तो फाटला असेल तर मीठ-पाणी आत येतंयच, शिवाय कप्प्यातला वायू वर राहत्या जागेत शिरतोय. तो रबर आधी बदलू, बाकीचं नंतर.