बँका पैसा ‘हवेतून’ बनवतात का? थोडं लांबलेलं उत्तर

तुम्ही चार गोष्टी विचारल्यात. लंडनच्या पॉझिटिव्ह मनी संस्थेच्या व्हिडिओत म्हटलंय की बाजारातला बहुतेक पैसा सरकार नाही, खाजगी बँका बनवतात, ते खरं का. खरं असेल तर बँका एफडीसाठी आपल्या मागे का लागतात. हे आपल्याकडच्या अनिल बोकीलांच्या अर्थक्रांती प्रस्तावासारखंच आहे का. आणि पुण्यात चार जण जमवून असा गट काढावा का. माझी सगळी नोकरी पुण्यातच बँकेत झाली, आधी कर्ज विभाग आणि मग ट्रेझरी (बँकेच्या रोजच्या पैशाची जमवाजमव बघणारा विभाग), त्यामुळे जे रोज टेबलावर बघितलं त्यावरून सांगतो.

पहिल्याचं उत्तर हो. समजा वाकडला एक जण रीसेलचा फ्लॅट घेतोय, ६० लाखांचं कर्ज मंजूर झालंय, आणि विकणाऱ्या बाईंचं खातं त्याच बँकेत आहे. डिसबर्समेंटच्या, म्हणजे कर्जाचे पैसे द्यायच्या दिवशी कोणी तिजोरी उघडून बघत नाही, कोणा ठेवीदाराच्या खात्याला हात लावत नाही. सिस्टीममध्ये दोन एन्ट्री पडतात, कर्जखातं ६० लाख डेबिट, बाईंचं बचत खातं ६० लाख क्रेडिट, एकाने टाकली, दुसऱ्याने पास केली, विषय संपला. सकाळी हे ६० लाख कोणाच्याच खात्यात नव्हते आणि दुपारी बाईंच्या मोबाईलवर मेसेज आलाय. पुढे वीस वर्षं हप्ते जातील तसतशी मुद्दल फिटेल आणि तेवढा पैसा पुसलाही जाईल, हा भाग व्हिडिओवाले सहसा घाईत सांगतात.

हे काही कोणा चळवळ्या लोकांचं मत नाहीये. बँक ऑफ इंग्लंडने स्वतःच्या २०१४ च्या तिमाही बुलेटिनमध्ये सरळ लिहिलं की आधी ठेव येते आणि मग तिच्यातून कर्ज दिलं जातं ही पाठ्यपुस्तकातली गोष्ट उलटी आहे, कर्ज दिलं की ठेव तयार होते. बारावीत आपण पतनिर्मितीचा धडा शिकलो त्यात पहिली बँक, दुसरी बँक, तिसरी बँक अशी आकड्यांची उतरंड होती ना, ती परीक्षेत मार्क मिळवायला ठीक आहे, शाखेत कर्ज देताना कोणी तसा विचार करत नाही. तिकडे लोकांच्या हातातल्या पैशापैकी ९७ टक्के बँकखात्यात आणि फक्त ३ टक्के नोटा-नाण्यांत असं त्याच लेखात होतं. आपल्याकडे रोख बरीच जास्त आहे, ढोबळ मानाने सात रुपयांत एक रुपया रोख, उरलेले सहा बँकांच्या पुस्तकातले. म्हणजे प्रमाण वेगळं पण गोष्ट तीच.

आता ‘हवेतून’ या शब्दावर माझा आक्षेप आहे, कारण त्यातूनच तुमचा दुसरा प्रश्न आलाय. त्या बाईंचं खातं दुसऱ्या बँकेत असतं तर? मग ६० लाख आरटीजीएसने जातात आणि तो व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे दोन्ही बँकांची जी खाती आहेत त्यात मिटतो, तिथे मात्र आपण बनवलेला पैसा चालत नाही, तिथे रिझर्व्ह बँकेचाच पैसा लागतो. दिवसभरात असे शेकडो व्यवहार इकडून तिकडे जातात आणि संध्याकाळी ट्रेझरीत जो बसलेला असतो त्याला घाम फुटतो, कमी पडले तर कॉल मनीत उचला (दुसऱ्या बँकेकडून एका रात्रीपुरते), रेपोत उचला (सरकारी रोखे तारण ठेवून), व्याज भरा. तुमची एफडी हवी असते ती यासाठी, पैसा बनवायला नाही तर बनवलेला पैसा बाहेर गेला तरी टिकून राहायला, आणि ती सुद्धा स्वस्तात. शिवाय भांडवलाची अट आहेच, म्हणजे प्रत्येक कर्जामागे भागधारकांचा काही पैसा असावा लागतो, बुडीत कर्ज झालं तर ते आधी भागधारकांच्या भांडवलातून जातं.

सीआरआरचं, म्हणजे ठेवींचा जो ठराविक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे ठेवावाच लागतो त्याचं पण ऐका, कारण लोकांना वाटतं की हे रोख राखीव प्रमाण हा पैसा बनवण्यावरचा लगाम आहे. आमच्या वेळी रिपोर्टिंग फ्रायडे असायचा (दर पंधरवड्याला रिझर्व्ह बँकेला आकडे कळवायचा शुक्रवार) आणि सीआरआर ठेवायचा तो आजच्या ठेवींवर नाही, आधीच्या पंधरवड्याच्या देण्यांवर. म्हणजे कर्ज देऊन झालं, ठेव तयार झाली, आणि त्यावरची राखीव रक्कम नंतर जमवायची. लगाम असा नसतो हो. खरा लगाम रिझर्व्ह बँक व्याजदरातून आणि भांडवलाच्या नियमांतून खेचते.

खाजगी बँका पैसा बनवतात यावर पॉझिटिव्ह मनीवाल्यांचं औषध काय? पॉझिटिव्ह मनी २०१० मध्ये सुरू झाली, २००८ च्या बँक-बुडीनंतरचा राग ताजा होता, आणि त्यांची मूळ मागणी होती सॉव्हरिन मनी, म्हणजे नवा पैसा फक्त मध्यवर्ती बँकेने बनवायचा, बँकांनी फक्त आधीच असलेला पैसा इकडून तिकडे द्यायचा. कल्पना जुनी आहे, १९३० च्या मंदीत शिकागोचे अर्थतज्ज्ञ आणि आयर्विंग फिशर हेच सांगत होते, आणि २०१२ मध्ये आयएमएफच्या दोन संशोधकांनी ती पुन्हा मॉडेलमध्ये घालून बघितली. पॉझिटिव्ह मनीच्या रेट्याने नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश संसदेत पैसा कसा बनतो यावर चर्चासुद्धा झाली. प्रत्यक्ष मतदान मात्र स्वित्झर्लंडमध्ये झालं, १० जून २०१८ ला, सॉव्हरिन मनीच्याच फोलगेल्ड नावाच्या प्रस्तावावर, आणि चारातल्या तिघांनी नाही म्हटलं.

मला विचाराल तर ते बरोबरच झालं. बँकांची पैसा बनवायची ताकद काढून घेतली की वर्षाला किती नवा पैसा लागेल हे एका समितीने आधी ठरवायचं, आणि भोसरीतल्या वर्कशॉपला मंगळवारी ऑर्डर आली, बुधवारी कॅश क्रेडिटची (रोजच्या धंद्यासाठीच्या कर्जाची) लिमिट वाढवून हवी, तर समितीच्या अंदाजात ते बसणार का? बँका तेव्हा काहीतरी वेगळ्या नावाने तोच पैसा बनवतील, म्युच्युअल फंडासारखं काहीतरी काढतील, आणि ते रिझर्व्ह बँकेच्या नजरेबाहेर असेल. आणि आपल्याकडे ‘समिती’ म्हटलं की तिच्यावर कोणाची माणसं बसणार हा प्रश्न पहिला येतो, बाकी सगळे नंतर. १९२३ मध्ये डॉ. आंबेडकरांनी रुपयावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांची चिंता नेमकी हीच होती, की रुपया किती काढायचा हे सरकारच्या मर्जीवर सोडू नका, त्याला पक्की मर्यादा घाला. (रिझर्व्ह बँक थेट त्या पुस्तकातून जन्मली असे जे फॉरवर्ड फिरतात ते अतिशयोक्ती आहे, पण भारताच्या चलनावर नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली होती हे खरं.)

पॉझिटिव्ह मनीच्या औषधाचा सौम्य डोस मात्र आपल्याकडे आधीच सुरू झालाय आणि कोणाचं लक्ष नाही. डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाचा, म्हणजे ई-रुपयाचा प्रयोग लोकांसाठी चालू आहे. यूपीआयने पैसे देता तेव्हा तुम्ही बँकेचा पैसा देता, ई-रुपयाच्या वॉलेटमधला पैसा म्हणजे थेट रिझर्व्ह बँकेचं देणं, नोटेसारखंच. दुकानातला तोच क्यूआर स्कॅन करता येतो. दुकानदाराला फरक कळत नाही, गिऱ्हाईकालाही नाही, म्हणून फारसं कोणी वापरत नाही. पण बँक बुडाली तर फरक कळेल.

त्यावरून आठवलं, तुम्ही लिहिलंय ‘बँकेत ठेवलेला माझा पैसा’. कायद्याने तो तुमचा राहिलेला नसतो, तुम्ही बँकेला उधार दिलेला असतो. बँक बुडाली तर ठेवीवरचा विमा ५ लाखांपर्यंत, माणशी आणि बँकेमागे, मुद्दल अधिक व्याज धरून. पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर २०१३ मध्ये निर्बंध आले आणि लायसन्स २०२२ मध्ये रद्द झालं, हे पुणेकरांना समजावून सांगायची गरज नाही. ५ लाखांच्या वरचे पैसे एकाच छोट्या बँकेत अर्धा टक्का जास्त व्याजासाठी ठेवणारे लोक बघितले की मला अजून कमाल वाटते.

अर्थक्रांतीचं. नाही, सारखं नाही, जवळजवळ उलटं आहे. अनिल बोकीलांचा प्रस्ताव असा की आयात शुल्क सोडून सगळे कर रद्द करा, बँकेतून होणाऱ्या प्रत्येक व्यवहारावर साधारण दोन टक्के कापा, ५० रुपयांच्या वरच्या नोटा बाद करा. हा कराचा आणि रोखीचा प्रस्ताव आहे, पैसा कोण बनवतं याला तो हात लावत नाही. उलट नोटा कमी केल्या की सगळे व्यवहार बँकांच्या पुस्तकात जाणार, म्हणजे पॉझिटिव्ह मनीवाल्यांना ज्याची भीती तेच. 

आता मला पॉझिटिव्ह मनीचं काय पटतं ते. पैसा बँका बनवतात हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न येतो की तो कशासाठी बनवतात, आणि तिथे त्यांचा मुद्दा पक्का आहे, तिकडे ब्रिटनमध्ये बहुतेक घरांसाठी, आणि जुन्याच घरांच्या किमती वर जातात. यात बँकर लबाड आहे असं समजू नका, नियमच तसा आहे, आपल्याकडेही. त्याच ६० लाखांचं उदाहरण घ्या. घरकर्जाला जोखीम भार (कर्जाचा किती हिस्सा धोक्यात मानायचा ते प्रमाण) ३५ टक्के धरला तर हिशेबात २१ लाखच जोखीम, ९ टक्क्यांनी भांडवल अडकतं १ लाख ८९ हजार. तेच ६० लाख भोसरीच्या वर्कशॉपला दिले तर भार ७५ टक्के, जोखीम ४५ लाख, भांडवल ४ लाख ५ हजार. (सरकारी गॅरंटी कव्हर वगैरे सोडून बोलतोय.) दुपटीपेक्षा जास्त. शिवाय वर्कशॉपचे स्टॉक स्टेटमेंट (मालाचा हिशेब) दर महिन्याला तपासा, व्हिजिट करा, आणि फ्लॅटला काय, एकदा टायटल सर्च (मालकीची तपासणी) झाला की मॅनेजर मोकळा. मी त्या खुर्चीत असताना टार्गेट पूर्ण करायला काय निवडलं असेल ते तुम्हीच ओळखा.

गंमत म्हणजे युरोपातले हे लोक आज जे मागतात, की मध्यवर्ती बँकेने कर्ज कुठे जावं याची दिशा द्यावी, ते आपण पन्नासेक वर्षं करतोय. व्यापारी बँकांना ४० टक्के कर्ज प्राधान्य क्षेत्राला (शेती, छोटे उद्योग वगैरे) द्यावं लागतं, त्यात १८ टक्के शेतीला. आणि जिल्हावार विचार करायची कल्पना आली ती पुण्यातूनच, गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ ज्या अभ्यासगटाचे प्रमुख होते त्यांनी १९६९ मध्ये ‘एरिया अ‍ॅप्रोच’ सुचवला, त्यातून अग्रणी बँक योजना निघाली, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याच्या कर्जपुरवठ्यात एका बँकेने पुढाकार घ्यायचा. आज त्याची गत काय? २०१६ पासून प्रमाणपत्रं विकत घेता येतात, ज्या बँकेने शेतीला जास्त दिलं तिच्याकडून कमी देणारी बँक सर्टिफिकेट घेते आणि टार्गेट पूर्ण. कागदावर ४० टक्के दिसतात. आणखी एक, तिकडे पॉझिटिव्ह मनीची हल्लीची मोहीम आहे की बँकांना मध्यवर्ती बँकेकडे असलेल्या राखीव रकमेवर सरसकट व्याज देऊ नका. आपल्याकडे सीआरआरवर २००७ पासून एक पैसा व्याज नाही. तेव्हा त्यांचे व्हिडिओ जसेच्या तसे मराठीत आणून इथे दाखवले तर अर्धे मुद्दे लागूच होणार नाहीत.

लागू होतो तो एक, आणि तो कोणीच उचलत नाही: उत्तरदायित्व. कायद्याने रिझर्व्ह बँकेला महागाईचं लक्ष्य ४ टक्के, दोन वर दोन खाली, आणि सलग तीन तिमाह्या चुकली तर रिझर्व्ह बँकेने सरकारला कारण लिहून द्यायचं. २०२२ मध्ये हे पहिल्यांदा घडलं, ३ नोव्हेंबरला त्यासाठी खास बैठक झाली, पत्र गेलं, आणि ते जाहीर केलं नाही. ब्रिटनमध्ये तसंच पत्र गव्हर्नर अर्थमंत्र्यांना लिहितो ते खुलं असतं, कोणीही वाचावं. आपल्या डाळ-तेलाच्या भावाचं कारण एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला बंद पाकिटात सांगितलं आणि आपण ते मान्यही केलं. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीचे मिनिट्स (बैठकीचा वृत्तांत) १४ दिवसांनी येतात, ते चांगलंच आहे, पण मिनिट्स आणि कबुलीजबाब यात फरक आहे.

म्हणून गटाचं असं. ‘बँका हवेतून पैसा बनवतात’ म्हणून सभा घेतलीत तर पहिल्या सभेला हॉल भरेल, दुसऱ्या सभेला क्रिप्टोवाले आणि सोनं घ्या म्हणणारे येतील, तिसरी होणार नाही. त्यापेक्षा आपल्या जिल्ह्याची अग्रणी बँक महाराष्ट्र बँक आहे, जिल्ह्याचा वार्षिक पतपुरवठा आराखडा निघतो, तो मिळवा. पीक कर्ज, छोटे उद्योग, घरं, शिक्षण, उद्दिष्ट किती आणि वाटप किती ते बघा, तालुकावार मिळालं तर डोंगराळ वेल्हे (आता राजगड तालुका) आणि शहराला लागून असलेली हवेली शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये टाकायला तुमच्यासारख्या आयटीवाल्याला एक शनिवार पुरे. कोथरूड किंवा डेक्कनला भेटणार असाल तर मी येतो, आकडे वाचायला मदत करीन, फक्त रविवारी सकाळी ठेवू नका.