आफ्रिकेसारख्या दूरच्या प्रदेशाशी भारताची मैत्री प्रत्यक्षात कशी घडते? की नुसते फोटो आणि करारच असतात?

फोटोंबद्दल तुमच्याशी सहमत, पण करारांना इतकं हिणवू नका. मी वाशीच्या दाणा मार्केटमध्ये एका आयातदाराकडे कागदपत्रं सांभाळतो. न्हावा शेवा बंदरात उतरणारी तूर, तिची बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचा आयातीचा कागद), फायटो सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला) हे रोजचं काम. त्यामुळे उत्तर तुरीच्या अंगानेच देतो.

2015 च्या दसरा-दिवाळीत तूरडाळ 200 रुपये किलोला भिडली होती, आठवत असेल. जुलै 2016 मध्ये भारताने मोझांबिकशी करार केला: पहिल्या वर्षी 1 लाख टन तूर घेऊ, दरवर्षी वाढवत 2020-21 ला 2 लाख टन. मोझांबिकमध्ये तूर फारशी खाल्ली जात नाही. तिथला छोटा शेतकरी ती पेरतो, ते आपण घेणार या भरवशावर. आपली नवी तूर डिसेंबर-जानेवारीत निघते, तिकडची ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे इथला माल संपत आला की गजरी, अरुशा, मटवारा, मलावी लाल यांचे कंटेनर लागायला लागतात. (ही तिकडच्या तुरीची मार्केटमधली नावं, बरीचशी गावा-देशावरून पडलेली.) दोघांनाही गरज, त्यात हंगाम वेगळे. भाषणांपेक्षा मला हे जास्त भक्कम वाटतं.

कस लागतो तो भाव पडल्यावर. 2016-17 ला आपल्याकडे तुरीचं विक्रमी पीक आलं. मराठवाडा-विदर्भात खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा, बारदान संपलेलं आणि भाव क्विंटलला 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने तुरीच्या आयातीला वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. करारातला कोटा त्यातून वगळला होता, दिलेला शब्द पाळला. तरीही मोझांबिकमध्ये भाव कोसळायचे ते कोसळलेच, कारण तिथल्या लोकांनी कोट्यापेक्षा बरीच जास्त पेरणी केली होती. आमचं गाव मराठवाड्यातलं, औशाकडचं, त्यामुळे मर्यादा आली तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. ऑफिसात मात्र तोंड पाडून बसावं लागलं.

उलटी वेळही आली. 2023 च्या शेवटी मोझांबिकच्या ‘नाकाला’ नावाच्या बंदरात तूर अडकून पडली, तिथल्याच व्यापाऱ्यांच्या भांडणात आणि परवानग्यांच्या घोळात. इथे भाव चढलेले. तेव्हा आपल्या सरकारने तिथल्या सरकारकडे विषय लावून धरला. आधीची ओळख, आधीचा करार नसता तर बोलायचं कुणाशी?

रोजची मैत्री याहून बारीक असते. 2008 मध्ये दिल्लीत पहिली भारत-आफ्रिका शिखर परिषद झाली, तिथे अल्पविकसित देशांच्या मालाला ड्युटीत सवलत जाहीर झाली. मार्च 2017 मध्ये तुरीवर 10 टक्के ड्युटी लागली तेव्हा मोझांबिक, मलावी, टांझानियाच्या मालाला तिचाच आधार होता. पण त्यासाठी माल तिथलाच असल्याचा दाखला लागतो, आणि त्यावरची सही-शिक्का कस्टमकडच्या नमुन्याशी जुळावा लागतो. तिकडचा अधिकारी बदललेला असतो, नव्या सहीचा नमुना इकडे पोचलेला नसतो. मग कंटेनर यार्डात उभा आणि शिपिंग लाइनचं भाडं रोज चढत राहतं. अशा वेळी तिकडून ईमेलला दोन दिवसांत उत्तर येतं की दोन आठवड्यांनी, यावरून मी दोन देशांचे संबंध कसे आहेत ते ठरवतो!

ही माणसं एकमेकांना ओळखू लागतात ती प्रशिक्षणांमधूनही. 1964 पासून चालू असलेल्या आयटेक योजनेत तिकडचे अधिकारी भारतात शिकायला येतात, खर्च आपला. 2023 मध्ये दिल्लीच्या जी-20 परिषदेत आफ्रिकन युनियनला कायम सदस्यत्व मिळालं, ते मोठंच काम झालं, पण त्याची बातमी तुम्ही वाचलीच असेल.

सामान्य माणसाला काय, असं विचाराल तर नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या फळ मार्केटला चक्कर मारा. मलावीचा हापूस मिळेल, कोकणातून नेलेल्या कलमांचा. खिसा रिकामा करतो, आणि रत्नागिरीची सर नाहीच. पण डिसेंबरात आंबा खाताना कोण तक्रार करतंय!

आणि स्पर्धा परीक्षेसाठी विचारत असाल तर मलावीचाही करार बघून ठेवा: 2021 चा, पाच वर्षं, वर्षाला 50 हजार टन तूर. दोन देशांच्या संयुक्त निवेदनाशेजारी डीजीएफटीच्या (आयात-निर्यातीचे नियम काढणारं केंद्राचं कार्यालय) त्या काळातल्या अधिसूचना ठेवून वाचल्या की उत्तर लिहायला मुद्दे आपोआप मिळतील.