ता. क. मध्ये लिहिलेलं कारण

‘ताई, मी ४४ वर्षांची. उंची ५ फूट १ इंच, वजन ९२ किलो. राहणार कोल्हापूर. तीन महिन्यांची साखर ६.१ आली, डॉक्टर म्हणाले चालायला लागा. गेल्या वर्षी जिमचे वर्षाचे पैसे भरले आणि ११ दिवस गेले. यंदा रंकाळ्यावर जायला लागले, तर दोन पोरं मागून काहीतरी बोलून हसली. गुडघे दुखतात. सासूबाई म्हणतात, दिवसभर राबतेस तोच व्यायाम. मिस्टर दर रविवारी काट्यावर उभं करतात आणि आकडा बघून नुसती मान हलवतात. मी खरंच आळशी आहे का?

ता. क. भरभर चाललं की लघवीचे थेंब जातात. हे कुणालाच सांगितलेलं नाही. फिरायला जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाही.’

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क. पाशी थांबले. तुम्ही जिम का सोडलीत, रंकाळा का सुटला, याचं निम्मं उत्तर तिथे आहे. ओलं होण्याची धास्ती मनात घेऊन कुठली बाई जोरात चालेल? म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मला शिंक आली की मी पाय आवळून उभी राहायचे. आईला सांगितलं, तर ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ म्हणाली. कितीतरी वर्षं मीही तेच खरं धरून चालले. ते खरं नाही. लघवीची पिशवी तोलून धरणारे स्नायू बाळंतपणांनी सैलावतात, त्यावर पोटाचा भार पडतो, आणि खोकताना, हसताना, भरभर चालताना थेंब निसटतात. हे स्नायू दंडाच्या स्नायूंसारखेच कमावता येतात. वारा अडवताना आणि लघवी रोखताना जे आत ओढलं जातं, ते आवळायचं, मनात पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं, आणि तेवढाच वेळ सैल ठेवायचं. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट आणि मांड्या ताठवायच्या नाहीत. कुकरच्या शिट्या होईपर्यंत ओट्यापाशी उभ्या उभ्या करा, कुणाला कळतही नाही. फक्त लघवीला बसल्यावर धार मध्येच तोडून हा सराव करू नका. नेमाने केलंत तर तीन महिन्यांत फरक कळायला हवा. नाहीच पडला, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना स्पष्ट शब्दांत सांगा. या कामाच्या फिजिओथेरपिस्टही असतात. तोवर पॅड लावून चाला, त्यात काही कमीपणा नाही.

आणि पाणी तोडू नका. लघवी घट्ट झाली की पिशवी आणखी चुरचुरते, त्रास उलट वाढतो. निघण्याआधी लघवीला जाऊन या, एवढं पुरे.

आता गुडघे. कोल्हापुरी चपलेवर माझाही जीव आहे, पण तिचा तळ कडक आणि सपाट असतो. व्यायामाला मऊ तळाचे, टाच धरून ठेवणारे बूट घ्या. मांड्या घासून सोलवटत असतील (तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक जणी लिहीत नाहीत) तर आत गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट्स घाला. गुडघ्याचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंनी उचलायचा असतो, म्हणून आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून उठबस करा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हात छातीशी घ्या, उठा आणि सावकाश बसा. सुरुवातीला पाचच वेळा. जमत नसेल तर हात टेका, किंवा खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा. थोडं दुखून दुसऱ्या दिवसापर्यंत शमलं तर चालेल; सूज आली तर कमी करा. छातीत दडपलं किंवा गरगरलं तर मात्र तिथेच थांबून डॉक्टरांना गाठा.

सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. केर, फरशी, धुणं, सगळी हालचालच आहे. पण ओट्यापाशी दोन तास उभं राहून धाप लागत नाही, आणि हृदयाला थोडी धाप हवी असते. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेलं माप आठवड्याला निदान १५० मिनिटं असं आहे. त्याच वेळी त्यांनी सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. म्हणजे सात मिनिटंही जमेस धरली जातात. आपल्याकडे शतपावली आहेच, तिथूनच सुरुवात करा. दोन्ही जेवणांनंतर सात-सात मिनिटं, गच्चीवर किंवा गल्लीत. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरचा चढ बोथट होतो. ६.१ ला मधुमेह म्हणत नाहीत, ती उंबरठ्यावरची साखर आहे. मागे फिरायला अजून वाव आहे. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवत जा.

तुमच्याकडे वेळ नाही, हे तुम्ही लिहिलं नसलंत तरी पत्रात दिसतं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७. तेव्हा आळशी हा शब्द परत स्वतःला लावू नका.

तुमच्या मिस्टरांसाठी दोन ओळी लिहिते, त्यांना वाचायला द्या. दादा, नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही, त्याला खाण्याची जोड लागते. काटा हलला नाही तरी रक्तदाब, साखर, झोप, उमेद यांवर चालण्याचा परिणाम होतोच, पण तो तुमच्या रविवारच्या आकड्यात दिसत नाही. त्यांनी महिनाभर चालावं आणि तुम्ही मान हलवावी, की त्या पुन्हा घरी बसतील. काटा माळ्यावर टाका. रात्री जेवणं झाली की ओटा तुम्ही आवरा आणि त्यांना गच्चीवर जाऊ द्या. किंवा दोघं मिळून आवरा आणि दोघं जा.

मोजायचंच असेल तर मैत्रिणी, कॅलेंडरवर चाललेल्या दिवसांच्या खुणा करा, आणि एका दमात जिन्याच्या किती पायऱ्या चढता ते महिन्याने बघा. चार दिवस खंड पडला तर पाचव्या दिवशी सात मिनिटांपासून परत सुरू करा. पाहुणे, ताप, पाळी, मुलांच्या परीक्षा, खंड पडणारच.

रंकाळ्याची घाई नको. त्या पोरांचं वागणं हलकट होतं, त्याची लाज तुम्ही का वागवायची? पण जखम ताजी आहे, म्हणून आधी गच्ची. पाय सरावले की शेजारच्या एखादीला सोबत घ्या आणि संध्याकाळी जा. तलाव तुमच्याही गावचा आहे.

तीन महिन्यांनी मला परत लिहा. त्या थेंबांचं काय झालं ते तेव्हा पहिल्याच ओळीत लिहा, ता. क. मध्ये नको.