भाषाप्रश्न : जर्मनचा सराव यंत्राशी, मग चूक कोणी दाखवायची?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे. जर्मनच्या ए-१ आणि ए-२ या पातळ्या मी पुण्यातील एका वर्गात पूर्ण केल्या असून आता बी-१ची तयारी करायची आहे. रात्रपाळी सांभाळून आठवड्यातून तीनदा पुण्याला जाणे जमत नाही आणि शुल्कही जड जाते. मोबाइलवरील एआयशी मात्र मी रोज अर्धा तास जर्मनमध्ये बोलते. ते कंटाळत नाही, हसत नाही आणि पहाटे तीन वाजताही उत्तर देते. वर्ग सोडला तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तीस वर्षे जर्मन शिकवूनही पहाटे तीन वाजता मी कोणाच्या शंकेला उत्तर दिल्याचे मला आठवत नाही, तेव्हा या बाबतीत यंत्राची सरशी आधीच मान्य करते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केल्यापासून आपल्यासारखी पत्रे वाढली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांची अडचण वेळेची व पैशाची आहे. म्हणून आधी वर्गाचा हिशेब मांडू. दीड तासाच्या तासिकेत तीस विद्यार्थी असतील आणि शिक्षक एक शब्दही बोलले नाहीत, तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. प्रत्यक्षात शिक्षकच बहुतेक वेळ बोलतात. आपला वर्ग असा असेल आणि तेथे रिकाम्या जागा भरण्यापलीकडे फारसे काही होत नसेल, तर तो सोडताना अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. वर्ग सोडा, पण शिक्षक सोडू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याचे कारण आपल्याच कामातील एका वाक्यावरून सांगते.

‘मला मळमळतंय’ हे जर्मनमध्ये ‘मिअर इस्ट श्लेश्त’ असे म्हणतात. त्यातील ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. मराठीप्रमाणेच जर्मनमध्येही मळमळ, चक्कर, थंडी या गोष्टी माणसाला होतात, आणि तो माणूस वाक्यात चतुर्थीत येतो. तरीही माझे मराठी विद्यार्थी हमखास ‘इश बिन श्लेश्त’ असे म्हणत, ज्याचा अर्थ ‘मी वाईट आहे’ असा होतो. रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून हे वाक्य बोलल्यास काय होईल, याची कल्पना आपण करू शकाल. ही चूक येते इंग्रजीतून. आपण मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो आणि त्याचे जर्मन करतो. ‘कारण मी आजारी आहे’ या वाक्यात क्रियापद शेवटी येते. जर्मनमध्येही ‘वाइल इश क्रांक बिन’ असे ते शेवटीच असते. तरीही मराठी मुले ‘वाइल इश बिन क्रांक’ म्हणतात आणि घरात असलेली वस्तू शेजाऱ्याकडे मागायला जातात. यंत्र हे वाक्य अचूक दुरुस्त करते, त्याविषयी माझी तक्रार नाही. आपण मराठी भाषक आहोत असे सांगून तुलना मागितली, तर बहुधा तीही करून देते. परंतु ही तुलना मागायला हवी हे ठाऊक असलेला विद्यार्थी अर्धी लढाई आधीच जिंकलेला असतो. मराठी जाणणारा शिक्षक मात्र आपण न विचारताच विचारतो, ‘हे मराठीत कसे म्हणाल?’

दुसरी अडचण उच्चारांची आहे. जर्मनमधील ‘चर्च’ आणि ‘चेरी’ या अर्थांच्या दोन शब्दांत केवळ मधल्या एका घर्षक (‘श’सारख्या) ध्वनीचा फरक आहे. देवनागरीत लिहायचे झाल्यास दोन्ही ‘किर्शे’ असेच लिहावे लागतील, आणि आपल्या कानालाही ते प्रारंभी एकच वाटतात. बोललेले ओळखणारी बरीच साधने संदर्भावरून अंदाज बांधतात. आपण ‘रविवारी मी चेरीत गेले’ असे म्हटले तरी यंत्र ‘चर्चमध्ये गेले’ असे समजून घेते आणि पुढचा प्रश्न विचारते. समजून घेण्याचा हा मोठेपणाच येथे नडतो. आपला उच्चार बरोबर असल्याची खात्री पटत जाते आणि चूक मुरत जाते. ‘आधीच’ या अर्थाचा ‘शोन’ आणि ‘सुंदर’ या अर्थाचा त्याचा भाऊ यांचेही तसेच आहे. या दुसऱ्या शब्दातील स्वर आपल्याकडे नाही. ‘ओ’ म्हणताना ओठ जसे गोल होतात तसे ठेवून ‘ए’ म्हणायचा, म्हणजे तो साधतो. ओठ गोल झाले की नाही हे पाहण्यासाठी समोर शिक्षक असावा, निदान व्हिडिओवर तरी असावा.

तिसरी गोष्ट परीक्षेची. जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे संस्थेच्या बी-१ परीक्षेत बोलण्याची चाचणी सर्वसाधारणपणे जोडीने होते. दोन परीक्षार्थींनी मिळून एखादा बेत ठरवायचा असतो, नंतर प्रत्येकाने एका विषयाची मांडणी करून दुसऱ्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यायची असतात. समोरचा घाबरलेला असतो, मध्येच बोलतो, चुकीचे बोलतो, आणि त्याला सांभाळून घेत आपले म्हणणे पुढे न्यावे लागते. यंत्र आपले वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबते आणि आपण फुलवाल तो विषय निमूटपणे फुलवू देते, त्यामुळे या धांदलीचा सराव त्याच्याशी होत नाही.

तेव्हा आपल्यासाठी माझा सल्ला असा की, आठवड्यातून एकदाच, पण पाच-सहा जणांच्या गटात आणि मराठी जाणणाऱ्या शिक्षकाकडे, ऑनलाइन का होईना, शिकावे. उरलेले सहा दिवस यंत्र आपले आहे. शब्दपाठांतरासाठी तर त्याच्याइतका चांगला सोबती नाही. ठरावीक अंतराने उजळणी केली की विस्मरण कमी होते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते, आणि ते अंतर न चुकता मोजण्याचे काम माणसापेक्षा यंत्रच चोख करते. पुढे जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता मिळवण्यासाठी सर्वसाधारणपणे बी-२ पातळी लागते, म्हणून वेळ आणि पैसा बी-१वरच संपवू नये.

प्रश्न : मी अभियंता असून स्वतःच जर्मन शिकलो. माझे प्रत्येक पत्र एआय ‘उत्कृष्ट’ ठरवत असे. प्रत्यक्ष बी-१ परीक्षेत मात्र मी नेमका लेखनातच नापास झालो. परीक्षकांनी अन्याय केला असेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मला तसे वाटत नाही. आपण पत्र लिहिता, यंत्र ते सुधारते, आपण सुधारलेले पत्र पुन्हा त्याच्यापुढे ठेवता आणि ते त्याला उत्कृष्ट म्हणते. येथे गुण कोणाला मिळाले, ते पाहा. शिवाय ही साधने समोरच्याला नाराज न करण्याकडे झुकलेली असतात. एक प्रयोग करावा : आपल्या एखाद्या निर्दोष वाक्यावर बोट ठेवून ‘हे चुकले आहे ना?’ असे ठामपणे विचारावे. पुष्कळदा यंत्र क्षमा मागून बरोबर असलेले वाक्य बदलून देते. माझ्या शिक्षिका असत्या, तर त्यांनी चष्म्यावरून पाहिले असते.

लेखनाच्या या चाचणीत ६० मिनिटांत तीन मजकूर लिहायचे असतात. पहिले दोन साधारण ८० शब्दांचे आणि तिसरा ४० शब्दांचा असतो. १०० पैकी ६० गुण मिळाले की उत्तीर्ण. व्याकरण हा मूल्यमापनाचा केवळ एक भाग आहे. दिलेले सर्व मुद्दे आले का, मजकूर एकसंध आहे का आणि शब्दसंपत्ती कितपत आहे, हेही पाहिले जाते. पहिला मजकूर मित्राला असतो आणि तिसरा औपचारिक असतो. आपण ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची गल्लत सहसा करत नाही, परंतु जर्मन ‘दू’ आणि ‘झी’ यांची गल्लत मी असंख्य उत्तरपत्रिकांत पाहिली आहे. यापुढे घड्याळ लावून, कोणतीही मदत न घेता लिहावे आणि यंत्राला केवळ चुकीच्या ओळींचे क्रमांक मागावेत, दुरुस्ती मागू नये. दुरुस्ती स्वतः करावी आणि तीही जमली नाही, तर ती ओळ शिक्षकाकडे न्यावी. चाचण्या स्वतंत्रपणे देता येतात, त्यामुळे केवळ लेखनाची परीक्षा पुन्हा द्यावी. निराश होऊ नये.

प्रश्न : मी कोल्हापुरात जर्मन शिकवतो. विद्यार्थी गृहपाठ एआयकडून लिहवून आणतात. पकडावे कसे?
— एक शिक्षक

उत्तर : पकडण्यात वेळ घालवू नये, सर. गृहपाठ तपासून झाला की वही मिटायला सांगावी आणि त्यातील एका परिच्छेदाचा आशय विद्यार्थ्याला तोंडी सांगायला लावावा, दोन मिनिटे पुरतात. ज्याने स्वतः लिहिले असेल तो अडखळत का होईना सांगतो. ज्याने लिहवून घेतले असेल, त्याला पुढच्या वेळी निदान वाचून तरी यावे लागते, आणि वाचणे हाही अभ्यासच आहे.